त्याला काय कळतंय!

लहान मुलाला डॉक्टरकडे नेलं की गप्पा ठरलेल्या वाटेनं जातात. "काय रे, नाव काय तुझं? कितवीत आहेस?" एवढं विचारून होईतो डॉक्टरांचा हात स्टेथोस्कोपकडे गेलेला असतो आणि नजर आईकडे वळलेली असते. ताप कधीपासून, खाणं कसं, शी कशी होते, रात्री झोपला का, हे सगळं आईला. मधेच मुलाला विचारलं, "पोट कुठं दुखतं रे?" तर त्यानं बोट टेकवायच्या आत आई सांगते, "बेंबीपाशी म्हणतो, डॉक्टर." चर्चा ज्याच्या पोटाची चालली आहे, तो पाय हलवत स्टुलावर बसून असतो.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. नेदरलँड्समध्ये बालरोगतज्ज्ञांच्या ओपीडीतल्या संवादांचा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरांच्या दर चार वाक्यांतलं एक मुलाला उद्देशून होतं, पण सगळ्या बोलण्यात मुलांचा स्वतःचा वाटा भरला जेमतेम ४ टक्के. त्याहून बोलका आकडा वेगळाच आहे. आजाराविषयीच्या प्रश्नांपैकी साधारण पाव हिस्सा मुलांना विचारला गेला होता, मात्र आजाराविषयी जी माहिती सांगितली गेली, तिच्यातला फक्त १३ टक्के भाग मुलांसाठी होता. म्हणजे माहिती काढून घ्यायला मूल चालतं. द्यायची वेळ आली की ती आईबापांना.

यामागं कुणाचा वाईट हेतू नसतो. बाहेर रांग असते, आईला घरी स्वयंपाक पडलेला असतो, बाबांनी अर्धा दिवस रजा टाकलेली असते. आणि एक समजूत घरोघरी पक्की बसलेली असते: त्याला काय कळतंय! या समजुतीनं आजारी मुलांचं किती नुकसान केलं, हे वैद्यकशास्त्राला कळायला विसावं शतक अर्धं सरावं लागलं.

१९४९ साली लंडनमधल्या मोठ्या रुग्णालयांच्या भेटीच्या वेळा कुणीतरी गोळा केल्या होत्या. एका रुग्णालयात भेट फक्त रविवारी दुपारी दोन ते चार, दुसऱ्यात फक्त बुधवारी दीड तास. सेंट थॉमसमध्ये तर पहिला महिनाभर भेट बंद. आईवडिलांना संध्याकाळी सात ते आठ या वेळात मूल पाहता येई, पण ते झोपलेलं असतानाच. कारण असं दिलं जाई, की आई भेटून गेली की मुलं रडतात आणि वॉर्डची शिस्त बिघडते. आई न आल्यास मुलं दोन-चार दिवसांत शांत होतात, सगळं खातात, परिचारिकांना त्रास देत नाहीत.

ही शांतता कसली आहे, हा प्रश्न जेम्स रॉबर्टसन नावाच्या सामाजिक कार्यकर्त्याला पडला. तो लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बीबरोबर काम करत होता. रुग्णालयांतल्या डॉक्टरांना तोंडी सांगून पटेना, तेव्हा त्यानं कॅमेरा हातात घेतला; चित्रीकरणाचा अनुभव शून्य. प्रतीक्षायादीतून चिठ्ठी टाकावी तसं एक मूल निवडलं: लॉरा, वय दोन वर्षं पाच महिने, बेंबीच्या हर्नियाची शस्त्रक्रिया, मुक्काम आठ दिवस. सोयीचे तेवढे क्षण टिपले असा आरोप होऊ नये म्हणून रोज ठरावीक वेळी चित्रीकरण करायचं आणि वॉर्डमधलं घड्याळ चौकटीत ठेवायचं, अशी खबरदारीही घेतली. लॉरा फारशी रडतच नाही. ती स्वतःला आवरते, मधूनच आई कुठं आहे असं विचारते, आणि दिवसांमागून दिवस तिचा चेहरा विझत जातो. आधी आकांत, मग निराशा, मग अलिप्तपणा, असा क्रम रॉबर्टसननं मांडला. परिचारिका ज्या अवस्थेला 'मूल रुळलं' म्हणत, ती त्याच्या लेखी तिसरी पायरी होती. १९५२ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा चित्रपट दाखवला तेव्हा सभागृह खवळलं. हे मूल अपवादात्मक आहे, रुग्णालयांची बदनामी चालली आहे, असं ऐकवलं गेलं. पण १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनं मुलांना भेटण्यावरची बंधनं काढावीत, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांच्या आयांना सोबत राहू देण्याचा विचार व्हावा, अशी शिफारस सरकारला केली. अंमलबजावणीसाठी मात्र पुढं कैक वर्षं आईबापांना संघटना करून झगडावं लागलं.

मराठी वाचकाला हे वाचून नवल वाटेल. आपल्याकडे ही ताटातूट त्या रूपात फारशी झालीच नाही. सरकारी रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात आई खाटेवरच मुलाला बिलगून झोपते किंवा खाली चटई टाकते, घरून डबा येतो, मामा गेटवर पाससाठी हुज्जत घालत असतो. यात आपण इंग्रजांपेक्षा शहाणे होतो, की मनुष्यबळाची टंचाई असल्यामुळं आईकडून फुकट शुश्रूषा करून घेत होतो, यावर वाद घालता येईल. मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. ते काही असो, आई जवळ होती. पण आई जवळ असणं वेगळं आणि काय चाललं आहे ते मुलाला कुणीतरी सांगणं वेगळं. पहिलं आपण केलं. दुसऱ्याची गरजच आपल्याला वाटली नाही.

न सांगितलेलं मुलाला कळतच नाही, हे गृहीतकच मुळात चुकीचं आहे. मायरा ब्लूबाँड-लँगनर ही अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एका रुग्णालयात ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या सहवासात राहिली. मुलं प्रामुख्यानं तीन ते नऊ वर्षांची. त्या काळी या आजारातून फार थोडी मुलं वाचत, आणि मुलांना हे सांगायचं नाही असा आईबाप आणि डॉक्टरांचा अलिखित करार असे. १९७८च्या तिच्या पुस्तकाचा निष्कर्ष असा, की मुलांना सगळं ठाऊक होतं. आधी कळे की आजार गंभीर आहे. मग औषधांची नावं आणि त्यांचे त्रास. मग बरं वाटणं आणि पुन्हा आजारी पडणं यांचं चक्र. आणि ओळखीचं एखादं मूल दगावल्याची बातमी आली की शेवटचा दुवा जुळे. बातम्या मिळत त्या इतर मुलांकडून, आणि झोपेचं सोंग घेऊन ऐकलेल्या मोठ्यांच्या बोलण्यातून. तरीही ही मुलं आईबापांसमोर गप्प राहत, पुढच्या वर्षीच्या गोष्टी काढत नसत. आपल्याला माहीत आहे हे कळलं तर मोठी माणसं कोलमडतील, ती जवळ येणं टाळतील, हे त्यांनी हेरलेलं असे. म्हणजे सांभाळून घेणारी मोठी माणसं नव्हती. मुलंच मोठ्यांना सांभाळून घेत होती.

आज ल्युकेमियाचं चित्र पालटलं आहे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारातून, चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार मिळाले तर, बहुतेक मुलं बरी होतात. पण खोलीबाहेर व्हरांड्यात दबक्या आवाजात बोलायची आपली सवय जुनीच आहे.

कळतं म्हणजे नेमकं काय कळतं, हे मात्र वयावर ठरतं. रॉजर बिबेस आणि मेरी वॉल्श यांनी १९८०मध्ये मुलांच्या आजाराविषयीच्या कल्पनांची एक शिडी मांडली. चारेक वर्षांच्या मुलाला आजार जवळपासच्या कुठल्याही गोष्टीनं होऊ शकतो: उन्हानं, झाडानं, कुणी नुसतं शेजारी आल्यानं. सातेक वर्षांचं मूल घाण, जंतू, चुकीचं वागणं यांच्याकडे बोट दाखवतं. शरीराच्या आत काहीतरी बिघडतं, एखादा अवयव नीट काम करत नाही, हे अकराच्या आसपास ध्यानात येऊ लागतं. मूल वयाबरहुकूम चालतं असं नाही. चार वर्षं मधुमेहाचं इन्सुलिन घेणारी आठ वर्षांची मुलगी एखाद्या प्रौढाला धडा देईल. पण एक गोष्ट लहान वयात वारंवार दिसते. आपण काहीतरी वाईट केलं म्हणून हे झालं, अशी मुलाची आतल्या आत समजूत होते.

आणि ही समजूत आपण स्वतः पेरतो. मूल पडलं की "हात् जमीन!" म्हणून फरशीला चापट मारायची. दुखलं म्हणजे कुणीतरी गुन्हेगार हवाच. दुसऱ्या बाजूला, "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" ही धमकी तर आजी, आत्या, शेजारच्या काकू सगळ्यांच्या तोंडी. मग त्याच मुलाला खरोखरच सुई टोचायची वेळ येते, तेव्हा ते हिशेब मांडतं: मी न जेवल्याची ही शिक्षा. म्हणून लहान मुलाला आजार समजावून सांगताना जंतू, रक्तपेशी वगैरेंच्या आधी एक वाक्य यायला हवं: हे तुझ्यामुळं झालेलं नाही. मुलानं विचारलं नसलं तरी. धाकट्याला आजार झाला असेल तर घरातल्या थोरल्यालाही हे सांगावं. त्यानं कधीतरी रागात "मर तू" म्हटलेलं असतं आणि ते त्याला आठवत असतं.

सुईचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबू, कारण बोलण्याचा परिणाम इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच मोजला गेला आहे. मुलाला टोचताना मोठी माणसं काय बोलतात आणि मूल किती त्रासतं, याची सांगड रोनाल्ड ब्लाऊंट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात घालायला सुरुवात केली. पुढं कॅनडात मेगन मॅकमर्ट्री, क्रिस्टीन चेंबर्स यांनी ते काम नेटानं नेलं. निष्कर्ष कुठल्याही आईला पटणार नाही असा आहे. "घाबरू नकोस", "काही होत नाही", "झालं झालं, संपलं" अशा धीराच्या शब्दांबरोबर मुलाचा त्रास वाढलेला दिसतो. तीच गत "सॉरी रे राजा"ची, आणि अर्थातच "एवढा मोठा झालास आणि रडतोस?"ची. धीर देणारा आवाज चढलेला असतो, चेहरा ताणलेला असतो, आणि मूल शब्दांपेक्षा चेहरा वाचतं. शिवाय घाबरण्यासारखं काही नसेल तर आई हे म्हणते कशाला? उपयोगी पडतं ते दुसऱ्याच कशाबद्दलचं बोलणं, गंमत, आणि हाताला एखादं काम देणारी सूचना: दीर्घ श्वास घे, फुंकर मार, भिंतीवरच्या हत्तीला पाय किती ते मोज.

आपल्या आज्या "ती बघ चिऊ, ती बघ चिऊ" करत टोचून घ्यायच्या, त्या याच शास्त्रानं चालत होत्या. तान्ह्यासाठी ते ठीक. तीन-चार वर्षांच्या पुढं मात्र चिऊच्या आडून सुई आली, तर मूल पुढच्या वेळी चिऊवरही विश्वास ठेवत नाही. त्याला आधी सांगावं लागतं. "दुखणार नाही" हे खोटं. "खूप दुखेल" हे कशाला? "टोचल्यासारखं, चिमटा काढल्यासारखं वाटेल. मी सावकाश पाच आकडे मोजेन. हात हलवायचा नाही. ओरडायचं तर ओरड." एवढं पुरतं. यात मुलाला काय जाणवेल, किती वेळ, आणि त्यानं काय करायचं, तिन्ही आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५मध्ये लसीकरणाच्या वेदनांविषयी निवेदन काढलं, त्यातही मुलाला आडवं दाबून धरू नये, पालकाच्या कुशीत धरावं, तान्ह्याला शक्य असेल तर अंगावर पाजत असताना टोचावं, टोचणाऱ्यानं शांत राहून साधे, न भिववणारे शब्द वापरावेत, असं म्हटलं आहे. यासाठी पैसा लागत नाही. लागतं ते अर्धं मिनिट, आणि गर्दीच्या लसीकरण सत्रात तेच नसतं, हे सिस्टरांचं म्हणणंही खरं आहे.

शस्त्रक्रियेसारखी मोठी गोष्ट कधी सांगायची, हे वयाप्रमाणं बदलतं. तीन वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगण्यात अर्थ नाही, त्याला आठवडा म्हणजे काय ते ठाऊक नसतं. दहा वर्षांच्या मुलीला आदल्या रात्री सांगणं हा विश्वासघात होतो. भुलीचं इंजेक्शन म्हणजे "झोपवणार आहेत" एवढंच सांगितलं, तर काही मुलं घरी परतल्यावर रात्री झोपायला घाबरतात, किंवा मधेच जाग येईल या भीतीत ऑपरेशनला जातात. ही रोजची झोप नाही, औषधाची आहे, डॉक्टर जागं करतील तेव्हाच जाग येणार, हे दोन शब्द जास्तीचे बोलावे लागतात.

मूल बोलत नाही, असं म्हणताना आपण बहुधा मोठ्यांच्या पद्धतीनं विचारलेलं असतं. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सामध्ये डॉना वाँग आणि कॉनी बेकर यांना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात हेच जाणवलं. शून्य ते दहापैकी किती दुखतं, हे लहान मुलांना सांगता येत नव्हतं. त्यांनी मुलांकडूनच चेहरे काढून घेतले, आणि त्यातून हसऱ्यापासून रडक्यापर्यंतची सहा चेहऱ्यांची पट्टी तयार झाली. आज ती जगभरच्या वॉर्डांत भिंतीवर दिसते. पट्टीचा वापर मात्र पुष्कळदा चुकतो: परिचारिका मुलाच्या तोंडाकडे बघून स्वतःच चेहरा निवडते. निवड मुलानं करायची, हाच तर पट्टीचा सगळा मुद्दा होता.

आता कुटुंबाकडे वळू. पुस्तकांमध्ये 'पालक' म्हणून आई आणि वडील असे दोघे असतात. प्रत्यक्षात ओपीडीत आईच्या मागं आजी उभी असते, वडील पार्किंगमधून येत असतात, आणि निर्णय गावाकडच्या मोठ्या काकांना फोन लावल्याशिवाय होत नाही. डॉक्टर आईला सविस्तर समजावतात, ती मान डोलावते, आणि घरी गेल्यावर सासूबाईंच्या एका प्रश्नापुढं तिची मान पुन्हा आडवी हलते. चांगले बालरोगतज्ज्ञ म्हणून सुरुवातीलाच विचारतात, "घरात अजून कुणाला समजावून सांगायला हवं?" आणि त्या माणसाला पुढच्या भेटीला बोलावून घेतात.

परळच्या टाटा रुग्णालयात तर याला भाषेची आणि अंतराची भर पडते. कॅन्सर झालेली मुलं घेऊन बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, बंगालमधून कुटुंबं येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात. फुटपाथवर राहण्याची पाळी आल्यानं यातली कितीतरी कुटुंबं उपचार अर्धवट टाकून परत जात. २००६पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स अशा कुटुंबांना मुंबईत मोफत निवारा देऊ लागली, तेव्हा डोक्यावरच्या छपराइतकंच मोल दुसऱ्या गोष्टीला आलं: त्याच आजाराशी झुंजणारं, त्याच भागातलं दुसरं कुटुंब. डॉक्टरांनी हिंदीत सांगितलेलं त्या कुटुंबातल्या बाईनं आपल्या बोलीत पुन्हा सांगितलं की ते पोचतं. अशा ठिकाणी घरातलं शाळकरी मूलच लवकर हिंदी शिकतं आणि दुभाषी होतं. सोयीचं वाटतं, पण स्वतःच्या किंवा भावंडाच्या आजाराचा निकाल त्याच मुलाच्या तोंडून आईला कळवणं क्रूर आहे. अमेरिकेत तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलाला दुभाषी म्हणून वापरू नये, असा केंद्र सरकारचा नियम २०१६मध्ये झाला. न्यू जर्सीतल्या मराठी आजोबांच्या तपासणीला नातवाला पुढं करणाऱ्यांनीही तो लक्षात ठेवावा.

कुटुंबाला समजलं की नाही हे कसं ओळखायचं? "समजलं ना?" या प्रश्नाला आपल्याकडे "हो" हे एकच उत्तर आहे. इथं बांगलादेशचं उदाहरण फार मोलाचं. ब्रॅक या संस्थेनं १९८० ते १९९० या काळात एक कोटीहून अधिक घरांत बायका पाठवून आयांना जुलाबावरचं पाणी करायला शिकवलं: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. मोजमाप आईच्या हाताचं, वस्तू तिच्याच चुलीपाशी असलेल्या, आणि पाणी तिनं स्वतः करून दाखवायचं. पुढची खुबी अशी, की शिकवणाऱ्या बाईचा पगार तिनं किती घरं केली यावर नव्हता. काही आठवड्यांनी दुसरा माणूस काही निवडक घरी जाऊन आईला विचारी, तिला पाणी करायला लावी, आणि आईला जेवढं आठवलं त्या प्रमाणात शिकवणारीला पैसे मिळत. ऐकणाऱ्याला कळलं नसेल तर चूक सांगणाऱ्याची, हे तत्त्व इतक्या रोकडेपणानं मी दुसरीकडे कुठं अमलात आलेलं पाहिलेलं नाही.

तरीही सुरुवातीला घोटाळा झाला. आयांना कृती तोंडपाठ, पण मुलाला जुलाब झाले की पाणी करणाऱ्या फार थोड्या. शोध घेतल्यावर दोन कारणं निघाली. शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. आणि घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग शिकवणाऱ्यांना त्यामागचं कारण नीट समजावलं गेलं, आणि पुरुषांसाठी बाजारात, मशिदीत वेगळ्या सभा झाल्या. त्यानंतर वापर वाढला.

काही बातम्या एका बैठकीत सांगून संपत नाहीत. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांबाबत जागतिक आरोग्य संघटनेनं २०११मध्ये सुचवलं, की सहा ते बारा या शाळकरी वयातल्या मुलाला त्याचा आजार सांगावा, आणि त्याहून लहान मुलाला टप्प्याटप्प्यानं, त्याच्या समजेप्रमाणं सांगत जाऊन त्याची तयारी करावी. आधी रोज गोळी का घ्यायची ते, मग शरीरातल्या संरक्षणाविषयी, नाव सगळ्यांत शेवटी. आईबापांची अडचण अशी असते, की मुलाच्या आजारामागून स्वतःचाही आजार उघड होतो. इथं डॉक्टरांनी मुलाआधी पालकांशी बोलण्यात वेळ घालवावा लागतो.

आणि मृत्यूविषयी? स्वीडनमध्ये कॅन्सरनं मूल गेलेल्या पालकांचा एक अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. मुलाशी मृत्यूबद्दल बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना होता. मुलाला चाहूल लागली आहे असं ज्यांना जाणवलं होतं, त्यांच्यात तर जास्तच. म्हणजे न बोलणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनाही खंत नव्हती, हे विसरून चालणार नाही. प्रत्येकानं बोललंच पाहिजे असा फतवा या आकड्यांतून निघत नाही. मुलानं स्वतः दार किलकिलं केलं, तर ते लोटून घेऊ नये, एवढं नक्की निघतं.

तेराव्या-चौदाव्या वर्षी सगळं पुन्हा उलटतं. आतापर्यंत प्रश्न होता मुलाला बोलण्यात घ्यायचं कसं. आता आईला थोडा वेळ बाहेर बसवायचं कसं. "तुम्ही जरा बाहेर थांबता का?" या वाक्यानं आईचा चेहरा पडतो, कारण तिला त्यात संशय ऐकू येतो. त्यापेक्षा पहिल्याच भेटीत, "या वयाच्या सगळ्या मुलामुलींशी मी पाच-दहा मिनिटं एकट्यानं बोलतो," असं सांगितलं की कुणाला डंख बसत नाही. काय विचारायचं याचा क्रमही ठरलेला असावा. घर, शाळा, मित्र इथून सुरुवात करून मग व्यसन, लैंगिकता, मनातले टोकाचे विचार, असं सोप्याकडून अवघडाकडे जायचं. लेकीच्या पाळीविषयी बोलायचं असेल आणि डॉक्टर पुरुष असतील, तर सिस्टरांना खोलीत थांबवणं हाही संवादाचाच भाग.

पण गुप्ततेचं वचन देताना डॉक्टरांनी हात राखून बोलावं. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणं अठरा वर्षांखालच्या मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यातून डॉक्टरांचीही सुटका नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगायचं: "तू बोलशील ते मी आईबाबांना सांगणार नाही. पण कुणी तुला त्रास देत असेल, किंवा तुझ्या जिवाला धोका असेल, तर मला ते पुढं कळवावंच लागेल. कळवण्याआधी तुला सांगेन." हे ऐकून काही मुलं तोंड मिटतात. हा तोटा आहे, आणि तो पत्करावा लागतो. आधी कुणाला सांगणार नाही म्हणून कबूल करायचं आणि नंतर दारात पोलीस उभे करायचे, असं एकदा झालं, तर ते मूल पुन्हा कुठल्याही डॉक्टरसमोर पोटदुखीपलीकडे काही बोलणार नाही.